हिरड्यांतलं रक्त आणि पुरुषांचं मौन

आज अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पुरुषांशी थोडं उघडपणे बोलायचं आहे.

दात घासताना रक्त आलं की आपण ‘उष्णता झाली’ म्हणतो. लैंगिक दुर्बलता आली की कुणाला न सांगता ‘गुप्तरोग’वाल्या भोंदूकडे पैसे ओततो. या दोन तक्रारींचं नातं असू शकतं.

तुर्कस्तानातल्या डॉक्टरांनी 30 ते 40 वयाचे पुरुष तपासले. शिथिलतेचा त्रास असलेल्या 80 जणांपैकी 53 टक्क्यांना हिरड्यांचा गंभीर आजार होता. त्रास नसलेल्या 82 जणांत 23 टक्क्यांना. यावरून एक दुसऱ्याचं कारण ठरत नाही. पण हिरड्यांतली जुनी सूज रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा करू शकते. लिंगाच्या रोहिण्या हृदयाच्या रोहिण्यांहून बारीक, म्हणून बिघाड तिथे आधी जाणवतो. ही हृदयविकाराची पूर्वसूचनाही असू शकते.

मधुमेह आणि तंबाखू दोन्ही आजारांना खतपाणी घालतात. विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं, त्यामुळे आजार लपून राहतो. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे; ती आपल्या खिशातही यायला हवी.

मिसवाक असो वा ब्रश, रोज दोन वेळा दात घासा. लोणीला प्रवरेचं दंत महाविद्यालय आहे, तिथे हिरड्या दाखवा. सोबत साखर आणि रक्तदाब तपासा. औषध डॉक्टरांना विचारूनच घ्या.

आणि घरात बायकोशी बोला. आपल्या आजाराचा दोष तिच्या माथी मारू नका.