मागे इंजिन असलेली मोटार



मी कामगार चळवळीतला माणूस. माझे शिक्षण झाले ते कारखान्याच्या फाटकावर. एकदा एका फिटरने जुन्या मोटारीचे छायाचित्र दाखवून विचारले, "दादा, ही गाडी कोणती?"

पुढे जाळी नव्हती, मागच्या झाकणाला झरोके होते; म्हणजे इंजिन मागे, एवढे कळले. ही रचना युरोपात रुजलेली. 1934 ची चेकोस्लोव्हाकियातील टाट्रा, 1947 ची फ्रेंच रेनो, 1957 ची छोटी फियाट. पुढून मागे जाणारा लांब दांडा त्यात वाचतो. वजन मागच्या चाकांवर असल्यामुळे जव्हारच्या घाटासारख्या चढावर पकड मिळते. मी ठामपणे म्हणालो, "विलायती आहे."

फिटर हसला. "नाही दादा, इचलकरंजीची!"

ती होती शंकरराव कुलकर्णी यांची 'मीरा'. शालेय शिक्षण बेताचे. पण 1949 साली त्यांनी पहिला नमुना तयार केला आणि 1970 पर्यंत तो सुधारत नेला. पोलादी पाट्यांऐवजी रबर वापरून सुटे भाग कमी केले. मोटार बाजारात मात्र कधी आली नाही.

मित्रहो, मला माझीच लाज वाटली. जन्मभर मी श्रमाची किंमत मागत आलो आणि चांगले काम दिसताच ते परक्याच्या नावावर लिहून मोकळा झालो! मजुरी बुडवणे हा अन्याय, तसे कारागिराचे नाव बुडवणे हाही अन्यायच. अनोळखी यंत्र दिसले तर आधी झाकण उघडून पाहा, आणि हे हात कोणाचे, ते विचारा.