ओतूरला परतावे काय?

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पन्नास वर्षांच्या कार्याचा गौरव या व्यासपीठावरून पुष्कळ झाला आणि तो यथोचितच आहे. या गौरवात एक प्रश्न मात्र मागे राहतो. दिवाळीला पुण्या-मुंबईहून मुले घरी येतात, सूर्यास्तापूर्वीची जेवणे आटोपतात, भाऊबंद ओसरीवर बसतात आणि कोणीतरी हळूच विषय काढतो : ओतूरला परत यायचे का? मग एखादे काका दुकानाची स्थिती सांगतात, वहिनी मुलांच्या शाळेचे विचारतात, आजी काहीच बोलत नाहीत, आणि विषय पुढच्या दिवाळीपर्यंत लांबणीवर पडतो. ज्या प्रश्नावर समाजाचे गावातील अस्तित्व अवलंबून आहे, त्याचा विचार इतक्या घाईने उरकणे बरे नव्हे.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, गाव भरभराटीचे आहे म्हणून पूर्वज येथे आले नव्हते. जुन्नर परिसराचे वैभव त्यांच्या आगमनाच्या कितीतरी आधीचे. सातवाहन काळात कल्याण बंदराचा माल नाणेघाट चढून जुन्नरला येत असे. जुन्नरच्या लेण्यांतील एका शिलालेखात धान्य-व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद आहे. व्यापारी आणि धर्मदान यांचे नाते या मातीला नवे नाही, एवढाच त्याचा अर्थ. ती लेणी बौद्धांची आहेत. पुढे १८६३ मध्ये रेल्वे बोरघाटातून पुण्याकडे आली, १८६५ मध्ये थळघाटातून नाशिककडे गेली, आणि या दोन लोहमार्गांच्या मध्ये सापडलेला नाणेघाट-माळशेजचा प्रदेश बाजूला पडला. आजही ओतूरला रेल्वे नाही. पुणे-नाशिक रेल्वेची चर्चा झाली, तिच्या मार्गात खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीचा प्रश्न उभा राहिला, आणि तालुका अद्याप वाट पाहतो आहे.

मारवाड आणि गुजरातेतून निघालेली कुटुंबे एकोणिसाव्या शतकात दख्खनच्या खेड्यापाड्यांत स्थिरावली, ती अशाच आडबाजूच्या गावांमधून. 'लोटा-दोरी घेऊन आले' असे त्यांच्याविषयी अभिमानाने सांगितले जाते. ते खरे असले तरी अर्धेच खरे आहे. नवा मुलगा येई तो आधी मामाच्या किंवा दूरच्या चुलत्याच्या पेढीवर. तेथे त्याला दोन वेळचे जेवण आणि झोपायला जागा मिळे. वही कशी लिहावी, तूर कशी पारखावी, कोणाला उधार द्यावे आणि कोणाला देऊ नये, हे तो मुनीमजींच्या शेजारी बसून शिके. चार-पाच वर्षांनी तीच पेढी त्याला माल उधार देई आणि शेजारच्या गावात दुकान घालून देई. अपयश आले तर परत जाण्यास एक घर असे. धाडस त्याचे होते. जोखीम मात्र साऱ्या गोताने वाटून घेतली होती. आज परतणाऱ्या तरुणाला सभेत शाल आणि श्रीफळ मिळते. जोखीम वाटून घेणारा मामा मिळत नाही. सगळा फरक येथे आहे.

पूर्वजांच्या त्या येण्याची दुसरी बाजूही गौरवाच्या दिवशी झाकून ठेवू नये. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला आणि तो पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. त्या सावकारांत मारवाडी आणि गुजराती पुष्कळ होते. जमावाचा रोख माणसांच्या जिवावर फारसा नव्हता. त्याला हवी होती कर्जरोख्यांची कागदपत्रे, आणि ती त्याने जाळली. सरकारने चौकशी आयोग नेमला, १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. त्यानंतरही ही कुटुंबे गावांत राहिली, गावाशी एकरूप झाली, पाणपोया आणि शाळांना देणग्या देऊ लागली. परंतु गावाची स्मृती दीर्घ असते. बाहेरून येणारा काय घेऊन जातो, हे गाव आधी पाहते. काय घेऊन आला, हे नंतर.

आता आजच्या ओतूरचे चित्र. हा तालुका दरिद्री नाही. येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे या कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांनी जुन्नर-आंबेगावचा बराच भाग बदलून टाकला. मांडवीवर चिल्हेवाडीचे धरण झाले. ऊस, कांदा, टोमॅटो, द्राक्षे यांनी शिवार हिरवे दिसते. विवंचना आहे ती पेठेची. शेतकऱ्याच्या हातात पैसा येतो, पण तो ओतूरच्या पेठेत थांबत नाही. मोठी खरेदी आळेफाटा, नारायणगाव वा पुण्यात होते. कापड आणि भांडीकुंडी आता मोबाइलवरून घरपोच येतात. जे गिऱ्हाईक उरते ते बहुधा उधारीचे, आणि ती उधारी कांद्याच्या भावावर टांगलेली. २०२३ सालचेच पाहावे. जुलैमध्ये टोमॅटोने किलोला शंभर रुपये ओलांडले आणि तालुक्यात एकच उत्साह पसरला. ऑगस्टमध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागले, डिसेंबरमध्ये निर्यातच बंद झाली, ती मे २०२४ मध्ये खुली झाली. त्या महिन्यांत किराणा दुकानाची वही ज्याने लिहिली असेल, त्याला अर्थशास्त्र वेगळे शिकविण्याची गरज नाही.

अशा गावात कामासाठी यावे की नाही, याचे एक उदाहरण महाराष्ट्रातील जैन समाजाला परिचित आहे. त्यातील निर्णयाचा क्षण मात्र दुर्लक्षिला जातो. भवरलालजी जैन यांचा जन्म १२ डिसेंबर १९३७ रोजी जळगाव जिल्ह्यातील वाकोद या अजिंठ्याजवळच्या खेड्यात झाला. घराणे राजस्थानातून आलेले. मुंबईत वाणिज्य आणि कायद्याचे शिक्षण झाले, राजपत्रित अधिकाऱ्याच्या पदासाठी निवडही झाली. त्या काळी खेड्यातल्या घराला याहून मोठा सन्मान कोणता? तरीही त्यांनी आईचा सल्ला मानून नोकरी नाकारली आणि १९६३ मध्ये जळगावला, घराच्या सात हजार रुपयांच्या शिलकीवर, रॉकेल विकण्यापासून आरंभ केला. ही शिलक तीन पिढ्यांची होती असे सांगतात. पुढे शेतीला लागणाऱ्या वस्तूंचा व्यापार, १९७८ मध्ये केळीच्या भुकटीचा एक जुना कारखाना घेऊन त्यात पपईच्या चिकापासून पपेनचे उत्पादन, नंतर पाइप, आणि मग ठिबक सिंचन, असा तो प्रवास झाला.

या चरित्रातून 'गावात राहिले की यश मिळते' असा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे होईल. नव्वदच्या दशकात नको त्या व्यवसायांत पाऊल टाकल्याने त्यांच्याच कंपनीला मोठा तोटा झाला आणि त्यांनी भागधारकांची जाहीर माफी मागितली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट निराळी आहे. त्यांनी विकलेली प्रत्येक वस्तू भोवतालच्या शेतकऱ्याला लागणारी होती, आणि पपईचा चीक त्यांनी त्याच शेतकऱ्याकडून विकत घेतला. म्हणजे गावातला पैसा गावाबाहेर नेण्याऐवजी बाहेरचा पैसा गावात आणला. शहरातील नोकरी सोडण्याचे मोल या एका गोष्टीवरून ठरते. ओतूरला येऊन आणखी एक कापड दुकान काढणारा आहे त्या गिऱ्हाइकाची वाटणी करील. कांदा साठविण्याची चांगली सोय, मालाची प्रतवारी, शेतकरी कंपन्यांचे हिशेब आणि करविषयक काम, दातांचा दवाखाना, रोगनिदानाची प्रयोगशाळा, यांपैकी काही आणणारा मात्र बाजार वाढवील. नारायणगावला डॉ. सदानंद राऊत यांनी सर्पदंशावरील उपचारांचे जे काम उभे केले, त्याची कीर्ती तालुक्याच्या सीमेबाहेर गेली. ते काम शहरात राहून झाले नसते. साप आणि शेतकरी जेथे समोरासमोर येतात तेथेच ते होणार होते.

आता घरातला हिशेब. कल्पना करावी की, ओतूरच्या एका जुन्या पेढीचा नातू चिंचवडमध्ये सनदी लेखापाल आहे आणि त्याची पत्नी दंतवैद्य. गावी घर स्वतःचे, त्यामुळे भाडे वा हप्ता नाही. उत्पन्न प्रथम निम्म्यावर येईल असे धरून चालावे, आणि दोन वर्षांचा घरखर्च हाताशी असल्याखेरीज पाऊल उचलू नये. मुलांसाठी गावात शाळा आहेत, अण्णासाहेब वाघिरे महाविद्यालय आहे. त्यापुढचे शिक्षण आणि मोठे आजारपण यांसाठी मात्र पुणे गाठावे लागेल, आणि ते सुमारे १०० किलोमीटर दूर आहे. सायंकाळनंतर उसाच्या बाजूने एकट्याने जाऊ नये, ही बिबट्याच्या भीतीची बाबही शहरातून आलेल्या सुनेला कोणीतरी आधीच सांगितलेली बरी.

सुनेचा उल्लेख आला तो सहज नव्हे. पूर्वजांनी येण्याचे ठरविले तेव्हा त्यांच्या पत्नींना कोणी विचारले नाही. त्या मागाहून आल्या, परक्या मुलखात परकी भाषा शिकल्या, आणि पर्युषणातील सामायिक-प्रतिक्रमणापासून शेजारणीच्या बाळंतपणापर्यंत सारे त्यांनी निभावले. आज तसे चालणार नाही आणि चालू नये. खेड्यातल्या दुकानदार मुलाचे स्थळ पुढे सरकत नाही, ही समाजातील उघड पण न बोलली जाणारी व्यथा आहे. मुलगा सुशील, निर्व्यसनी, दुकान चालते. तरी 'राहणार कुठे?' या प्रश्नाला 'ओतूर' असे उत्तर आले की मुलीकडचे विषय बदलतात. अनेक दुकाने तोट्यामुळे नव्हे, तर या एका उत्तरामुळे बंद झाली. मुलींना दोष देणे सोपे आहे. शिकलेल्या मुलीला गावात गल्ल्यामागच्या खोलीपलीकडे कोणते काम देऊ केले जाते, हे विचारणे अवघड आहे. वरील उदाहरणात दवाखाना आधी उभा राहावा आणि लेखापालाचे कार्यालय त्यानंतर. कारण रुग्ण पहिल्या महिन्यापासून येतील, अशील यायला वर्ष लागेल.

धर्माचा आधारही येथे आहे, फक्त तो भावनेच्या भरात शोधू नये. श्रावकाच्या बारा व्रतांतील दिग्व्रत हे दिशांची मर्यादा घालणारे व्रत. अमुक अंतरापलीकडे व्यवहारासाठी जाणार नाही, असे ठरविणाऱ्याचा लोभ आपोआप आटोक्यात येतो, अशी त्यामागची दृष्टी. उपासकदशांग सूत्रातील आनंद श्रावकाने गडगंज संपत्ती असतानाही मर्यादा स्वीकारल्या. लहान गावातील मर्यादित उत्पन्नाकडे या दृष्टीने पाहता येते. परंतु हेच शास्त्र पंधरा कर्मादाने, म्हणजे श्रावकाने टाळावयाचे व्यवसायही सांगते, आणि त्यांत विषवाणिज्य आहे. तालुक्यात आज सर्वाधिक चालणारा धंदा कृषी सेवा केंद्राचा, आणि त्याच्या फळ्यांवर निम्मी जागा कीटकनाशकांची. जैन तरुणाने गावी येऊन हे दुकान काढावे काय? कोणी खते, बियाणे आणि ठिबकचे साहित्य तेवढे ठेवतो; कोणी जैविक औषधांवर भर देतो; कोणी म्हणतो की शेतकऱ्याची गरज हाच धर्म. पर्युषणात हा प्रश्न महाराज साहेबांपुढे मोकळेपणाने ठेवला जावा.

आणि गावातील शेवटची घरे मिटली तर काय होते, हेही पाहावे. कल्याणकडून माळशेज चढून अहिल्यानगरकडे विहार करणाऱ्या साधू-साध्वींना दिवसाच्या पायी चालीच्या अंतरावर गोचरीचे घर लागते. एका गावाचे दार बंद झाले की मधला टप्पा दुप्पट होतो. देरासर असो वा स्थानक, पगारी माणूस झाडलोट आणि दिवाबत्ती करील. मांगलिक ऐकायला बसणारे घर तो आणू शकत नाही. एवढ्यासाठी मात्र कोणी नोकरी सोडून यावे असे म्हणणे अन्यायाचे होईल. घर चालले तर धर्मस्थान चालेल. हा क्रम उलटा करता येत नाही.

म्हणून संस्थेने पुढील वर्षांत करावयाची गोष्ट मामाच्या पेढीसारखी आहे. परत येऊ पाहणाऱ्या कुटुंबाला प्रथम एका चातुर्मासापुरते येऊन राहू द्यावे, काम करून पाहू द्यावे. जमले नाही तर परत जाण्यात कमीपणा मानू नये. जमले तर दोन वर्षे बिनभाड्याची जागा आणि बिनव्याजी भांडवल द्यावे, परतफेडीची मुदत मात्र लेखी असावी. जागेसाठी नवे बांधकाम नको. पेठेत कुलूप लागलेली घरे आहेत. त्यांच्या किल्ल्या पुण्यात, चिंचवडला, मुलुंडला आहेत, आणि त्या किल्ल्यांचे बरेचसे धनी आज याच मंडपात बसलेले आहेत.