अंगणातील शाळा

मूल तीन वर्षांचे झाले, बालवाडीत त्याचे नाव घातले, की आपले कर्तव्य संपले, असा समज सुशिक्षित घरांतही पुष्कळदा आढळतो. मग पालकांची पावले शाळेकडे वळतात ती दोनच प्रसंगी: फी भरावयास, आणि मुलाला अक्षरे अजून येत नाहीत अशी तक्रार करावयास.

भावनगरला गिजुभाई बधेका ह्यांच्या बालमंदिरात काम केलेल्या ताराबाई मोडक ह्यांनी १९४५ साली बोर्डी ह्या किनाऱ्यावरील गावी ग्रामीण बालकांसाठी केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. परंतु दलित वस्तीतील मुले बालवाडीकडे फिरकत ना. तेव्हा ह्या दोघींनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. हीच अंगणवाडी. मुलांची स्वच्छता, गाणी, गोष्टी, शिंपले-बियांची मोजदाद, सारे आईबापांच्या डोळ्यांदेखत होऊ लागले. साधने घराच्या आसपासचीच. ती आईलाही सहज हाताळता येण्याजोगी.

पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत काम करताना दिसून आले, की धाकट्या भावंडाला सांभाळावयाचे म्हणून थोरले शाळेला मुकते. म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणण्यात आली. घरची अडचण उमगल्यावाचून शिक्षणाचा मार्ग सापडत नाही, आणि ती उमगण्यास पालक व शिक्षक ह्यांच्यात बोलणे असावे लागते.

१९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने अंगणवाडी हे नाव देशभर नेले. अंगणातला पालक मात्र अनेक ठिकाणी मागेच राहिला.

चार वर्षांच्या मुलाकडून अक्षरे घोटवून घेण्याने ही उणीव भरून निघणार नाही. त्याच्या बोटांना अजून तेवढे बळ नसते. शेंगा सोलणे, कडधान्ये निवडणे, रुमालाच्या घड्या घालणे ह्यांतून बोटे तयार होतात, मोजणे येते, शब्द वाढतात. शाळेची भाषा निराळी आणि घरची मराठी, अशा गावी तर रात्री वडिलांनी मायबोलीत सांगितलेली गोष्ट विशेष मोलाची.

आणि शिक्षिकेची भेट होईल तेव्हा, मुलाला काय येते, हे विचारण्याआधी ते कशात रमते, हे पालकांनी अवश्य विचारावे.