जोडप्याला समोरासमोर बसवण्याआधी

(समुपदेशन करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

सकाळच्या सत्रात एकीनं विचारलं, "ताई, नवरा-बायकोला एकत्र बसवलं की आपण तिथंच अर्धी तडजोड करून टाकली, असं नाही का होत?" आज मला याच प्रश्नावर बोलायचं आहे. मी याचं उत्तर पुस्तकात वाचलं नाही. आमच्या केंद्रात एक चूक झाली आणि तिच्यातून ते हाती आलं. चूक सांगितल्याशिवाय उत्तर कळणार नाही, म्हणून ती आधी सांगते.

मी एम.एस.डब्ल्यू. केलं तेव्हा केसवर्क, ग्रुपवर्क, समुदाय संघटन हे सगळं शिकले. फॅमिली थेरपीवर मात्र मोजकी तीन-चार व्याख्यानं झाली. नंतर सल्ला केंद्रात कामाला लागले. आमची पद्धत तुमच्यासारखीच होती. बाई येणार, रडणार, आपण ऐकणार, अर्ज लिहून घेणार, नवऱ्याला पत्र पाठवणार. तो आला तर आला. पण सगळ्याच बायकांना पोलीस, कोर्ट नको असतं. "त्याला कुणीतरी समजावून सांगा हो, मला नांदायचंय," असं म्हणणाऱ्या कितीतरी असतात. त्यांचं काय करायचं, या विचारानं आम्ही एका फॅमिली थेरपिस्टना आठवड्यातून दोन दुपारी केंद्रात बोलवायचं ठरवलं.

सुरुवातीला आमचं आणि त्यांचं जमेना. त्या म्हणायच्या, कुटुंब ही एक व्यवस्था असते. एक हलला की सगळे हलतात. तो पितो म्हणून ती बोलते, ती बोलते म्हणून तो बाहेर जातो, बाहेर गेला की आणखी पितो. हे चक्र कुठून सुरू झालं ते शोधू नका, ते फिरतं कसं ते बघा. मी एकदा चिडून विचारलं, "आणि तो थोबाडीत मारतो, ती या चक्रात कुठं बसवायची? तिचाही त्यात वाटा म्हणायचा का?" त्या गप्प बसल्या. पुढच्या आठवड्यात येऊन म्हणाल्या, "तुमचा प्रश्न नवा नाही. आमच्या शास्त्रातल्या बायकांनीच तो विचारून ठेवलाय." अमेरिकेत रेचेल हेअर-मस्टिन यांनी १९७८ साली आणि व्हर्जिनिया गोल्डनर यांनी १९८५ साली हाच आक्षेप घेतला होता. घरातली सत्ता सारखी वाटलेली नसताना चक्रातली माणसं सारखी जबाबदार कशी, असा त्यांचा सवाल होता. ते ऐकून मला बरं वाटलं. आम्ही बोलायला लागलो. पण ज्ञान डोक्यात आलं, तरी ते आमच्या फॉर्मवर उतरलं नव्हतं.

चूक तिथंच झाली. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची एक बाई सासूबरोबर केंद्रात आली. शिवणाच्या कारखान्यात कामाला. तक्रार एवढीच, की नवरा बोलत नाही, घरात सारखी कुरबूर. माहिती घेणाऱ्या आमच्या कार्यकर्तीनं सासूसमोरच विचारलं, "भांडणं होतात का?" ती म्हणाली, "होतात थोडीफार, सगळ्यांच्याच घरी होतात." फॉर्मवर तेवढंच लिहिलं गेलं आणि जोडपं थेरपिस्टबाईंकडे गेलं. दुसऱ्या बैठकीत त्यांनी तिला धीर दिला, मोकळेपणानं बोल म्हणाल्या. ती बोलली. पगार सगळा काढून घेतात, बसभाड्यालासुद्धा मागावे लागतात, असं तिनं सांगितलं. तो मान हलवत ऐकत होता. आम्हाला वाटलं, बैठक छान झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच आली. हात कोपरापर्यंत सुजलेला. म्हणाली, "तुम्ही म्हणालात मोकळेपणानं बोल, म्हणून बोलले."

मैत्रिणींनो, हे वाक्य मी अजून विसरलेले नाही. त्या दिवशी आम्ही सगळ्या बसलो. दोष थेरपिस्टबाईंवर टाकणं सोपं होतं. पण तिला एकटीला बसवून, सरळ शब्दांत, "तो मारतो का?" हे आमच्यापैकी कुणीच विचारलं नव्हतं. आम्ही तिला बोलायची जागा दिली, पण बोलून घरी गेल्यावर काय होईल याचा विचार केला नाही.

त्यानंतर आम्ही आणि थेरपिस्टबाईंनी मिळून काही नियम केले. तुमच्या केंद्रात असं काम सुरू करायचं असेल, तर निदान यावर चर्चा करा.

पहिला नियम, आधी दोघांना वेगवेगळं भेटायचं, शक्यतो वेगळ्या दिवशी. बाईबरोबर सासू, नणंद, आई, कुणीही नको. आणि "त्रास आहे का?" असं मोघम विचारायचं नाही. हात उचलतो का, गळा दाबलाय का, घराबाहेर काढलंय का, पैसे काढून घेतो का, मर्जीविरुद्ध संबंध ठेवतो का, मुलांना नेण्याची धमकी देतो का, असं एकेक विचारायचं. गळा दाबल्याचं सांगितलं तर तो जिवाचा धोका समजायचा.

दुसरा, मारहाण चालू असेल किंवा ती त्याला घाबरत असेल, तर एकत्र बैठक नाही. तो कितीही गोड बोलला तरी नाही. तिथं काम तिच्या सुरक्षिततेचं आणि कायद्याचं.

तिसरा, थेरपिस्टबाईंना आपण प्रश्न विचारायचे. आपल्याकडे विवाह आणि कुटुंब थेरपीचा वेगळा सरकारी परवाना नाही, त्यामुळे पाटी कुणीही लावू शकतं. शिक्षण काय, काम कुणाच्या देखरेखीखाली केलं, फी किती, मारहाण कळली तर काय करता, एकीनं एकटीत सांगितलेलं दुसऱ्याला सांगता का, कोर्टानं बोलावलं तर काय सांगाल, हे विचारायला संकोच करू नका. चांगली थेरपिस्ट या प्रश्नांनी रागावत नाही. रागावली, तर तेही एक उत्तरच आहे.

चौथा, नांदायचं की वेगळं व्हायचं हा निर्णय त्या बाईचा. आपला नाही आणि थेरपिस्टचाही नाही. तीन-चार बैठकींनंतर तिला पुन्हा एकटीला भेटून विचारायचं, की पुढं जायचंय का? ती नको म्हणाली तर तिथं थांबायचं.

कायदा इथं आपल्या बाजूनं आहे, हे लक्षात ठेवा. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ चा, तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याच्या कलम १४ नुसार मॅजिस्ट्रेट एकेकट्याला किंवा दोघांना समुपदेशनाला पाठवू शकतात. पण २००६ च्या नियमांत स्पष्ट म्हटलं आहे, की हिंसेचं समर्थन त्या समुपदेशनात करता येणार नाही आणि हे त्याला आधीच सांगायचं. "तिनं उलट उत्तर दिलं म्हणून हात उठला," हे वाक्य तिथं चालत नाही. मग आपल्या केंद्रात तरी का चालावं? पूर्वीचं ४९८-अ कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ८५ म्हणून आलं आहे, तेही नव्या कार्यकर्त्यांना सांगून ठेवा.

आता तुम्ही म्हणाल, एवढा धोका असेल तर थेरपिस्ट हवीच कशाला? हवी. एक उदाहरण सांगते. एका जोडप्याला सहा वर्षं मूल नव्हतं. सासू सुनेला टोचून बोलायची, बाबा-बुवांकडे न्यायची. दोघांना वेगवेगळं भेटलो. मारहाण नव्हती, भीती नव्हती. पण नवऱ्यानं एकटीत सांगितलं, की तपासणीत दोष त्याच्यात निघालाय. बायकोला ते माहीत होतं. ती त्याची लाज राखायला गप्प होती. मी असते तर त्याला तिथंच झापलं असतं. थेरपिस्टबाईंनी झापलं नाही. चार बैठकी त्याच्या लाजेवर काम केलं, त्याच वेळी ही लाज बायको एकटी वाहते आहे, हेही त्याला दाखवत राहिल्या. पाचव्या बैठकीला तो आईला घेऊन आला आणि स्वतःच्या तोंडानं सांगितलं. सासू बराच वेळ काही बोलली नाही. मग सुनेला म्हणाली, "मला एकदा सांगायचंस गं." त्या घरात त्या दिवशी काहीतरी बदललं, आणि कोर्टाच्या कुठल्याही कागदानं ते बदललं नसतं.

एक शेवटचा मुद्दा. आपल्या वार्षिक अहवालात एक रकाना असतो, "समेट झालेली प्रकरणं". देणगीदारांना तो आवडतो, आपल्यालाही आवडतो. सुजलेला हात घेऊन आलेली ती बाई, आदल्या संध्याकाळी आमच्या वहीत "समेटाच्या मार्गावर" अशी लिहिलेली होती. आम्ही तो रकाना काढून टाकला. आता सहा महिन्यांनी घरी जाऊन किंवा फोन करून विचारतो: ती सुरक्षित आहे का? पगार तिच्या हातात येतो का? माहेरी, मैत्रिणीकडे जाता येतं का? ती एकत्र राहते की वेगळी, हे आम्ही त्यानंतर लिहितो.

ती बाई आता बहिणीच्या वस्तीत खोली घेऊन राहते. संरक्षणाचा आदेश तिला मिळाला आहे. थेरपिस्टबाईंकडे ती अजून येते, एकटी. पहिल्यांदा आली तेव्हा त्यांनी तिची माफी मागितली. मीही मागितली. ती म्हणाली, "माफी राहू द्या. पुढच्या बाईला आधी एकटीला विचारा."

तेवढंच मलाही तुम्हाला सांगायचं होतं.