पाठीतला न दिसणारा वण

रायपूरच्या समता कॉलोनीसारख्या वस्तीत कोणी मणक्याची शस्त्रक्रिया करवून घरी परतला, की समाचाराला येणारे दोन सल्ले हटकून देतात. एक, ‘आता सहा महिने अंथरूण सोडू नका’. आणि दुसरा, ‘पुन्हा दुखू लागले, तर शस्त्रक्रिया फसली असे समजा.’ हेतू चांगलाच असतो. परंतु दोन्ही सल्ले रोग्याला अपायकारक ठरू शकतात.

सुश्रुताने व्रणाचे जे सात उपक्रम सांगितले, त्यांतील शेवटचा ‘वैकृतापह’ होय. जखम भरली म्हणजे वैद्याचे काम संपले असे त्याने मानले नाही. मागे उरलेली विकृती घालविणे हाही चिकित्सेचाच भाग. त्वचेवरचा वण डोळ्यांना दिसतो; पाठीच्या आतला मात्र दिसत नाही.

सरकलेली चकती मज्जातंतूच्या मुळावर दाब आणते आणि म्हणून पायात कळ येते, हे बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी १९३४ साली दाखवून दिले. ती चकती काढताना बहुधा हाडाचाही थोडा भाग काढावा लागतो. त्या पोकळीत रक्त साकळते, त्यात तंतूंचे जाळे विणले जाते आणि घट्ट वण तयार होतो. हा वण मुळाला चिकटला, म्हणजे एरवी सहज सरकणारा मज्जातंतू जखडला जातो.

हा पडदा मुख्यतः पाठीच्या दुखावलेल्या स्नायूंकडून वाढत येतो, असे ला रोक्का आणि मॅकनॅब यांनी १९७४ साली दाखविले. तेव्हा प्रतिबंधाचा आरंभ शस्त्रवैद्याच्या हातापासूनच होतो. छेद लहान असावा, स्नायूंना इजा कमी व्हावी, रक्तस्राव पूर्ण थांबवावा. रोग्याच्याच अंगची चरबी मध्ये ठेवून पाहिली गेली, निरनिराळे लेपही वापरले गेले. परंतु खात्रीचा असा उपाय एकही ठरला नाही. वण मुळीच नको म्हणणे, म्हणजे जखम भरूच नये असे म्हणणे होय!

उरलेले काम रोग्याचे. वैद्याच्या अनुज्ञेने लवकर चालू लागावे, धूम्रपान सोडावे. चार ते सहा आठवड्यांनंतर सुरू केलेल्या व्यायामाने वेदना लवकर ओसरतात आणि पुन्हा शस्त्रक्रियेची पाळी वाढत नाही, असा अनुभव आहे.

आणि तरीही दुखलेच तर? मोठा वण असलेल्यांत पायाची कळ परतण्याचा संभव तिपटीहून अधिक आढळल्याचे १९९६ च्या एका पाहणीत नमूद आहे; पुढील काही पाहण्यांत मात्र असा संबंध दिसला नाही. म्हणून प्रत्येक दुखण्याचे खापर वणावर फोडू नये. शिरेतून गॅडोलिनियम देऊन केलेल्या एमआरआय तपासणीत वण आणि पुन्हा सरकलेली चकती यांतील भेद बहुधा कळतो. हा भेद महत्त्वाचा. कारण केवळ वण काढण्यासाठी पुन्हा शस्त्र चालविले, तर नवा वण ठरलेलाच!

पाय लुळा पडू लागला, लघवीवरचा ताबा गेला किंवा ताप येऊन जखम वाहू लागली, तर मात्र क्षणाचाही विलंब नको. रायपुरात १९६३ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि २०१२ पासून एम्सही आहे. शेजाऱ्याने सल्ला द्यावयाचाच असेल, तर तेथवर सोबत येण्याचा द्यावा.