राहून गेलेली घरं

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि एक अट घातली आहे. शाळेच्या आठवणी सांगायच्या नाहीत, त्या जेवताना निघतीलच; तू आयुष्यभर काय काम केलंस ते सांग. ही अट मला मान्य आहे, कारण मी काय करतो हे आमच्या वर्गातल्या बऱ्याच जणांना अजून नीट कळलेलं नाही. डॉक्टर असून दवाखाना का नाही, हा प्रश्न मला गावात आल्यावर दर वेळी ऐकावा लागतो.

माझ्या नोकरीची बरीच वर्षं उत्तर प्रदेशात आणि बिहारमध्ये पोलिओच्या कामात गेली. केंद्र सरकार आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी १९९७ मध्ये मिळून एक प्रकल्प सुरू केला होता. त्यात मी सर्व्हेलन्स मेडिकल ऑफिसर होतो, म्हणजे पोलिओवर पाळत ठेवणारा डॉक्टर. पोलिओ म्हटलं की आपल्याला रविवारचा बूथ आणि टीव्हीवर 'दो बूंद जिंदगी की' म्हणणारे अमिताभ बच्चन आठवतात. बूथवर जे मूल येतं त्याचं काम अर्ध्या मिनिटात होतं. आमचं खरं काम होतं ते बूथवर न आलेल्या मुलाचं. आज मला त्याच मुलाबद्दल बोलायचं आहे.

आधी रोग समजून घेऊ. पोलिओचा विषाणू तोंडावाटे पोटात जातो, आतड्यात वाढतो आणि शौचावाटे बाहेर पडतो. लागण झालेल्या साधारण २०० मुलांमागे एकाचा हात किंवा पाय कायमचा लुळा पडतो. बाकीच्यांना थोडा ताप येतो किंवा काहीच होत नाही, पण विषाणू मात्र तीही पसरवत असतात. म्हणजे एका वस्तीत एक मूल लुळं पडलं, तर दिसत नसलेली दोनेकशे मुलं तिथे असणार. रोगी शोधून त्याला वेगळं ठेवू, असं इथे करता येत नाही. सगळ्याच मुलांना लस देणं, आणि ती एकाच वेळी देणं, हा एकच मार्ग उरतो.

जगातून पोलिओ घालवायचा ठराव १९८८ साली झाला. आपल्याकडे २ ऑक्टोबर १९९४ ला दिल्लीत पल्स पोलिओ झाला आणि ९ डिसेंबर १९९५ ला देशभरातला पहिला दिवस. सुरुवातीला तीन वर्षांपर्यंतची मुलं होती, पुढे पाच वर्षांपर्यंतची झाली. इथे बसलेल्या कितीतरी शिक्षकांनी आणि अंगणवाडी सेविकांनी ती ड्युटी केली असेल. थर्मासारखा तो निळा डबा, आत बर्फाच्या पट्ट्या, कुपीवरचा तो छोटा चौकोन. उष्णतेने तो चौकोन काळा पडला की लस फेकून द्यायची. मुलाच्या डाव्या करंगळीवर शाईची खूण. एका देशव्यापी फेरीत सुमारे १७ कोटी मुलांना डोस पाजला जायचा आणि त्यासाठी वीस लाखांहून अधिक माणसं रस्त्यावर उतरायची.

रोग झपाट्याने कमी झाला. तीन प्रकारांतला दुसऱ्या प्रकारचा विषाणू १९९९ मध्ये अलीगढला शेवटचा दिसला आणि संपला. सगळ्यांना वाटलं, आता एक-दोन वर्षांचं काम राहिलं. आणि २००२ मध्ये देशात १६०० मुलं लुळी पडली. त्यातली तीन-चतुर्थांशाहून अधिक एकट्या उत्तर प्रदेशातली होती. त्यानंतर मी मुरादाबादला गेलो.

तिथे प्रत्येक घराच्या दारावर खडूने खूण केलेली असे. घरातल्या सगळ्या मुलांना डोस मिळाला असेल तर इंग्रजी 'पी'. एक जरी मूल राहिलं असेल तर 'एक्स', आणि त्यापुढे कारणाचं अक्षर. घराला कुलूप असेल तर 'एल', मूल आजारी असेल तर 'एस', नकार असेल तर 'आर'. संध्याकाळी सगळ्या टीम परत आल्या की आमची बैठक बसायची. किती मुलांना डोस दिला, हे आम्ही आधी विचारायचो नाही. आधी 'एक्स' किती ते विचारायचो. शंभरातल्या पंच्याण्णव मुलांना डोस मिळाला तर शाळेच्या हिशेबाने आपण पहिल्या नंबरात येतो. पोलिओच्या हिशेबाने तो निकाल पुरेसा नव्हता. उरलेली पाच मुलं जर एकाच गल्लीतली असतील, तर विषाणूला राहायला तेवढी गल्ली पुरते.

आणि ती मुलं खरोखरच एका गल्लीतली असायची. विखुरलेली नसायचीच. जिथे नळ नाही, गटार उघडं, दवाखाना आहे पण डॉक्टर येत नाही, तिथलीच ती असायची. रुग्णांमध्ये मुस्लिम कुटुंबांतल्या मुलांचं प्रमाण लोकसंख्येच्या मानाने बरंच जास्त होतं. या थेंबांनी मुलं पुढे नापुंसक होतात, अशी अफवा तिथे पसरली होती. बाहेरून पाहणाऱ्याला वाटायचं, अडाणी लोक आहेत. मी त्या उंबऱ्यांवर बसलो आहे, मला तसं वाटत नाही. एका घरात एक आजी मला म्हणाल्या, "डॉक्टरसाब, बच्चे को दस्त हुए तब कोई नहीं आया. पोलियो के लिए हर महीने आते हो. इसमें आपका क्या है?" त्या प्रश्नाला पोस्टर दाखवून उत्तर देता येत नाही. एरवी कधीच न येणारं सरकार दर महिन्याला फुकट औषध घेऊन दारात उभं राहतं, तेव्हा संशय येणं हे शहाणपणाचंच लक्षण आहे.

शिवाय लोकांच्या शंकेत एक शास्त्रीय तथ्यही होतं. काही मुलांना सात-आठ डोस मिळूनही पोलिओ होत होता. गावात ही गोष्ट लपत नाही. २००६ मध्ये शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला, तेव्हा दिसलं की पहिल्या प्रकाराच्या विषाणूविरुद्ध एका डोसाचा उपयोग देशात इतरत्र साधारण २१ टक्के होता, तर उत्तर प्रदेशात फक्त ९ टक्के. दाट वस्ती, सतत जुलाब, आतड्यात आधीच इतर जंतूंची गर्दी. अशा पोटात लस नीट रुजत नव्हती. म्हणजे ज्यांना पाणी आणि गटार मिळालं नव्हतं, त्यांनाच जास्त डोस घ्यावे लागत होते.

मग उपाय काय केले? लस बदलली. तीन प्रकारांच्या एकत्र लसीत संपून गेलेला दुसरा प्रकार बाकीच्या दोघांच्या आड येत होता. म्हणून आधी एकेका प्रकाराची आणि जानेवारी २०१० पासून पहिल्या व तिसऱ्या प्रकाराची दुहेरी लस आली. माणसंही बदलली. बाहेरच्या पुरुषाऐवजी त्याच मोहल्ल्यातल्या बाया घरोघरी जाऊ लागल्या. त्यांना कुणाच्या घरी बाळ झालं, कोण माहेरी गेली, कुणाचा नवरा नको म्हणतो, हे सगळं ठाऊक असायचं. नव्या बाळाचं नाव त्याच आठवड्यात त्यांच्या वहीत चढायचं. मशिदींतून इमामांनी आवाहन केलं. अलीगढ मुस्लिम विद्यापीठ, जामिया मिल्लिया आणि जामिया हमदर्द इथले प्राध्यापक आणि डॉक्टर मोहल्ल्यांत येऊन बसले. आणि उशिरा का होईना, त्या आजींच्या प्रश्नाची दखल घेतली गेली. उत्तर प्रदेशातले ६६ आणि बिहारमधले ४१ असे १०७ तालुकावजा ब्लॉक निवडून तिथे पोलिओबरोबर जुलाबावरची ओआरएस आणि झिंक, हात धुणं, स्वच्छता, बाळाला अंगावरचं दूध आणि बाकीच्या लसी असं सगळं एकत्र न्यायचं ठरलं.

बिहारमध्ये माझ्याकडे कोसी नदीचं खोरं होतं. ही नदी पात्र बदलते. या फेरीत जिथे वस्ती होती तिथे पुढच्या फेरीत पाणी असायचं. होडीने जायचं, मग गुडघाभर चिखलातून चालायचं, आणि डोक्यावर लसीचा डबा. पाच-सहा झोपड्यांसाठी अख्खा दिवस जायचा. एवढ्यासाठी एवढा खर्च कशाला, असं नव्या आलेल्या प्रत्येकाला वाटायचं. पण विषाणू नेमका त्याच पाच-सहा झोपड्यांत टिकून होता.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येतो. विषाणू माणसांबरोबर रेल्वेने प्रवास करतो. कामासाठी येणारी कुटुंबं मुंबईच्या बांधकामांवर, वीटभट्ट्यांवर उतरतात. ती ना तिकडच्या यादीत असतात, ना इकडच्या. म्हणून स्टेशनांवर, चालत्या गाड्यांत, भट्ट्यांवर डोस दिले गेले. मुंबईत २००१ पासून सांडपाण्याचे नमुने तपासले जातात. आम्ही शौचाचे नमुने बर्फात घालून पाठवायचो, त्या प्रयोगशाळांपैकी एक मुंबईत परळला होती. पंधरा वर्षांखालच्या कुठल्याही मुलाचा हातपाय अचानक लुळा पडला, की १४ दिवसांच्या आत, २४ तासांच्या अंतराने दोन नमुने घ्यायचे. अशी पन्नास हजारांहून अधिक मुलं देशात एका वर्षात तपासली जात होती, आणि शेवटी शेवटी त्यांतल्या जवळपास एकालाही पोलिओ निघत नव्हता. 'नाही' म्हणायलाही एवढा पुरावा लागतो.

आकडे ऐका. २००९ मध्ये ७४१ रुग्ण. २०१० मध्ये ४२. मुंबईच्या सांडपाण्यात नोव्हेंबर २०१० ला विषाणू शेवटचा सापडला. आणि २०११ मध्ये एक. १३ जानेवारी २०११, पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यातली एक लहान मुलगी. त्यानंतर नैसर्गिक विषाणूमुळे देशात एकही मूल लुळं पडलेलं नाही. २७ मार्च २०१४ ला आपल्या संपूर्ण आग्नेय आशिया विभागाला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं.

टाळ्या जरूर वाजवा, पण ज्या बायांनी वह्या सांभाळल्या त्यांच्यासाठी वाजवा. त्यांना दिवसाला मिळणारं मानधन इतकं कमी होतं की सांगायला लाज वाटते.

दोन गोष्टी अजून संपलेल्या नाहीत. अफगाणिस्तान आणि पाकिस्तानात नैसर्गिक विषाणू अजून आहे. आणि जिथे लसीकरण ढिलं पडतं तिथे तोंडावाटे द्यायच्या लसीतला कमजोर केलेला विषाणूही मुलामुलांतून फिरत बदलू शकतो. २०२४ मध्ये मेघालयात लसीपासून आलेल्या विषाणूने एक मूल लुळं पडलं. म्हणून आता इंजेक्शनची लसही देतात. घरातल्या सुनेने विचारलं, की पोलिओ गेला तर डोस कशाला, तर तिला हे सांगा.

दुसरी गोष्ट आपल्या पिढीची. आपल्या वेळी प्रत्येक वर्गात कॅलिपर लावलेलं एखादं मूल असायचं. आमच्या तुकडीत दोघं होते. ते आज साठीला आले आहेत. पोलिओ झालेल्यांना तीस-चाळीस वर्षांनी स्नायू पुन्हा कमजोर होण्याचा त्रास होऊ शकतो, हे पुष्कळ डॉक्टरांच्याही लक्षात येत नाही. देशाला प्रमाणपत्र मिळालं, पण त्यांना अजून जिना चढता येत नाही.

हे सभागृह पहिल्या मजल्यावर आहे. आमच्या त्या दोघांपैकी एक जण आज आला आहे आणि खाली ऑफिसात बसून स्पीकरवर हे भाषण ऐकतो आहे. त्याला विचारूनच मी हे बोलतोय. "सांग, पण रडकं करू नकोस," असं त्याने बजावलं आहे.

म्हणून माजी विद्यार्थी निधीबद्दल दोन विनंत्या करतो. पहिली, वरच्या मजल्यासाठी रॅम्प आणि खाली हाताला धरायला दांडी असलेलं एक स्वच्छतागृह. नवीन संगणक कक्ष पुढच्या वर्षी झाला तरी चालेल. दुसरी, हंगामात आपल्या गावाबाहेर वीटभट्टीवर आणि उसाच्या फडावर जी कुटुंबं येऊन राहतात, त्यांच्या मुलांची यादी शाळेने ठेवावी. लसीची आणि शाळेत घालण्याचीही, एकच वही. आठवी-नववीची मुलं हे काम उत्तम करतील आणि आरोग्य उपकेंद्राच्या ताईंना त्याची मदतच होईल.

यादीत नसलेलं मूल कुठे आहे, हे पाहायची सवय लागली की पोलिओशिवाय इतरही पुष्कळ गोष्टी सुटतात, एवढाच माझा अनुभव. माझी वीस मिनिटं संपली आहेत. चव्हाट्यावरच्या गप्पांसाठी जेवणाच्या वेळी भेटूच, फक्त आमच्या तुकडीचं पान खाली मांडा.