उजव्या हाताची शिकवणी

आमच्या चिंचणीत डाय बनवणारे पुष्कळ आहेत. पोलादाच्या ठोकळ्यावर छिन्नीने नक्षी कोरायची आणि त्या साच्यावरून दागिने घडायचे. मीही तीस वर्षे हेच केले.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी चहाचा कप उजव्या हातातून निसटला. तोंड वाकडे झाले, जीभ अडखळली. 'जरा पडतो, बरे वाटेल,' असे मी खुणेने सांगत होतो. पत्नीने ऐकले नाही. मुलाने १०८ ला फोन लावला. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. ती विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. ते वेळेत मिळाले आणि मी वाचलो. हात मात्र लुळा राहिला.

घरी सगळ्यांनी मला तळहातावरच्या फोडासारखे जपले. पत्नी घास भरवी, मुलगा बटणे लावी. व्यायाम शिकवायला येणाऱ्या ताईंनी हे पाहिले आणि म्हणाल्या, "काकू, सगळं तुम्हीच केलंत तर काकांचा हात शिकणार कधी?"

त्यांनी समजावले, की मेंदूच्या मेलेल्या पेशी परत येत नाहीत. पण उरलेला मेंदू त्यांचे काही काम शिकून घेतो. मात्र तेच काम शेकडो वेळा करावे लागते. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा वेगाने होते, पुढे सावकाश. पण ती थांबत नाही. मुंबईत हाजीअलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे; ती १९५५ मध्ये सुरू झाली. तरी रोजची शिकवणी घरातच घ्यावी लागते.

मग ताटात वाल आणि मटकी मिसळून ती निवडत बसलो. टॉवेल पिळला. दोरीवरचे चिमटे काढले, लावले. कित्येकदा चिडलो, रडलोही. मन खचणे हाही या दुखण्याचाच भाग, हे नंतर कळले. चौथ्या महिन्यात शर्टाचे एक बटण लागले. पत्नी दारात उभी होती. मदतीला आली नाही. तिला ते किती जड गेले असेल!

बारीक नक्षी आज जमत नाही. मुलगा कोरतो, मी शेजारी बसून चूक दाखवतो आणि ठोकळे घासून देतो.

तोंड वाकडे, हात लुळा, बोलणे अडखळते असे दिसले, तर क्षणभरही थांबू नका. आणि माणूस घरी परतला, की त्याच्या हातातले काम प्रेमापोटी काढून घेऊ नका.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)